गुरुवारी शर्यत, शुक्रवारी हिशोब: आमच्या स्पीडवे क्लबात पैसे घालू का?

मातीतला_माणूस | शुक्रवार, रात्री ११:५२

मंडळी, सल्ला हवाय. पण त्यासाठी आधी अख्खं रामायण सांगावं लागणार, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी मूळचा इचलकरंजीचा. एकोणीस वर्षं झाली, इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. पोटापाण्याला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. आठ वर्षांपूर्वी कंपनीतला एक जण 'चल, गाड्या दाखवतो' म्हणून गुरुवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या एका जुनाट स्टेडियमवर घेऊन गेला. तिथे स्पीडवे पाहिलं आणि अडकलो ते अडकलोच. आता दर गुरुवारी गेटवर तिकिटं फाडतो आणि रात्री क्लबाच्या कंटेनरमध्ये बसून गल्ला मोजतो. पगार शून्य. बर्गर फुकट.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण तीनशे मीटरचा अंडाकृती ट्रॅक, त्यावर शेल म्हणजे आपल्याकडच्या बारीक लाल मुरमासारखा थर. चार गडी, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. गाडी ५०० सीसीची, एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालते, गिअर एकच आणि ब्रेक नाही. वळणावर गाडी आडवी टाकायची, डाव्या बुटाखालचा लोखंडी पत्रा जमिनीला घासत ठेवायचा आणि मागचं चाक घसरवत बाहेर पडायचं. मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि भोपळा. प्रत्येक संघात सात गडी, सामन्यात १५ शर्यती. वळणाच्या कठड्याला उभं राहिलात तर तोंडात, केसात, खिशात मुरूम. जुनी मंडळी बिअरच्या ग्लासवर प्रोग्रॅमची पुस्तिका झाकण म्हणून ठेवतात आणि शर्यत संपली की तीच उचलून पेनाने गुण भरतात.

एकेकाळी हा खेळ इथे फुटबॉलच्या मागोमाग गर्दी खेचायचा. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीचला जी शर्यत झाली, तिथून इथला इतिहास मोजतात. १९८१ ची जागतिक अंतिम फेरी वेम्बलीवर झाली तेव्हा नव्वद हजारांवर माणूस होतं. आमच्याकडे आता हजार आले तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो.

तर मुद्दा. आमच्या क्लबाच्या प्रमोटरने (इथे मालकाला प्रमोटर म्हणतात) आम्हा वीसेक जुन्या लोकांना बोलावलं. प्रत्येकी ५,००० पौंड बिनव्याजी द्या, तीन वर्षांत परत करतो म्हणाला. माणूस सज्जन आहे. स्वतःचं घर गहाण टाकून बसलाय हे मला माहीत आहे, कारण कागद मीच पाहिलेत. स्टेडियम आमचं नाही, जागामालक दुसराच. भाडेकरार एकेक वर्षाचा.

बायको म्हणते, 'इचलकरंजीत तुझ्या काकांनी यंत्रमागात घातले, तू मुरमात घाल.'

घालू का?

---

चाकबंद | शनिवार, सकाळी ७:१०

ब्रेक नाही??? राव, आमच्याकडे ब्रेक असून लोक मरतात.

मी कोल्हापुरात गॅरेजवाला. गाड्या कुठल्या कंपनीच्या? आणि गाडी क्लबाची की पोराची?

---

मातीतला_माणूस | शनिवार, सकाळी ८:३५

@चाकबंद, ब्रेक असता तर जास्त मेले असते. वळणात एकाने ब्रेक मारला की मागचा थेट अंगावर.

आता खूश व्हा: फ्रेम बऱ्याच जणांची जावा. तीच ती चेक जावा, जिची भावंडं आपल्याकडे म्हैसूरला बनायची आणि पुढे येझदी झाली. स्पीडवेच्या जावा चेकमधल्या दिविशोव्हला बनतात. इंजिनं मात्र बहुतेकांची इटलीची, जीएम.

गाडी क्लबाची नसते. रायडर म्हणजे स्वतःचा धंदा करणारा माणूस. दोन गाड्या त्याच्या, व्हॅन त्याची, मेकॅनिकचा पगार तोच देतो, इंजिन सर्व्हिसला ट्यूनरकडे जातं तेही बिल त्याचं. मागचा टायर एका बाजूने झिजला की उलटा बसवायचा, दुसरी बाजू झिजली की फेकायचा. एका संध्याकाळी टायरचीच किती ये-जा होते ते पिट्समध्ये बघावं. क्लब त्याला गुणामागे पैसे देतो. पडला आणि शून्य गुण झाले, तर हँडल वाकलं त्याचं आणि पैसेही नाहीत.

---

चाकबंद | शनिवार, सकाळी ८:४१

जावा!!! सकाळ सत्कारणी लागली. बाकी पैशाचं तुम्ही लोक बघा.

---

थेम्सकाठी | शनिवार, सकाळी १०:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ते कर्ज नव्हे, देणगी आहे. देणगी मागायची लाज वाटते म्हणून कर्ज म्हणतायत.

या देशात भर सीझनमध्ये शटर खाली ओढलेल्या क्लबांची यादी बघा. बर्मिंगहॅम २०१४. राय हाउस २०१८. ईस्टबोर्न २०२१. न्यूकॅसल २०२२. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सज्जन प्रमोटर होताच, आणि सज्जन भक्तही होते. मी स्वतः क्रिकेट क्लबाच्या कमिटीवर दहा वर्षं काढली आहेत. खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातात चेकबुक देऊ नये, हा धडा मी दोनदा शिकलो.

आधी सांगा, एका सामन्याचा हिशोब कसा बसतो? आतले आकडे नकोत, ढोबळ चालेल.

---

मातीतला_माणूस | शनिवार, दुपारी १२:२०

क्लबाचे खरे आकडे इथे टाकणं बरोबर नाही. पण हिशोब कसा चालतो ते समजुतीच्या आकड्यांवर दाखवतो.

समजा तिकीट २० पौंड आणि ८०० मोठी माणसं आली. वाटतं १६,००० आले. नाही आले. तिकिटात २० टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे २० मधले १६ पौंड ६७ पेन्स आपले. हाती १३,३३३.

आता गुणांचे पैसे. एका शर्यतीत ६ गुण वाटले जातात, १५ शर्यतींचे ९०. समजा आमचा संघ घरी ५० करतो आणि परगावी ४०. परगावचे गुणही आम्हीच भरायचे, पण तिथलं गेट यजमानाचं. म्हणजे आमच्या एका गेटवर दोन सामन्यांचा पगार. गुणाला ८० पौंड धरा, ७,२०० गेले. राहिले सहा हजार आणि चिल्लर. त्यातून स्टेडियमचं भाडं, अँब्युलन्स, डॉक्टर, विमा, सिक्युरिटी, लीगची फी, ट्रॅक्टरचं डिझेल, लॉरीने येणारा नवा मुरूम, हवेच्या कुंपणाची दुरुस्ती. (वळणावर हवा भरलेल्या गाद्या असतात, एअर फेन्स. एक गादी फाटली की माझ्या पोटात खड्डा.) वर ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या रायडरच्या व्हिसाचे कागद, ते करणारा वकील.

यातली गंमत कोणाच्या लक्षात आली का? आपण जितकं भारी जिंकू तितकं जास्त देणं लागतो. ५८-३२ ने जिंकलो की प्रेक्षक नाचतात आणि मी कंटेनरमध्ये कॅल्क्युलेटर उपडा ठेवतो. त्यातून एकतर्फी सामना बघायला पुढच्या गुरुवारी लोकही कमी येतात. हिशोबनीसाला आवडणारा निकाल एकच, ४६-४४, तोही शेवटच्या शर्यतीत ठरलेला.

अँब्युलन्सचं आणखी एक. ती नसेल तर एकही शर्यत सुरू होत नाही. पडलेल्या गड्याला घेऊन ती हॉस्पिटलला गेली आणि बदली नसेल तर सगळे थांबून राहतात. गेल्या वर्षी एकदा असे सव्वा तास बसलो. बर्गर मात्र जोरात खपले, ते सोडा.

---

अनघा_लेस्टर | शनिवार, दुपारी १:०२

मी कधीतरी जाते लेस्टरला मुलाला घेऊन. बोमाँट पार्कचा ट्रॅक तसा नवा, २०११ चा. शहरातलं जुनं ब्लॅकबर्ड रोडचं १९८३ ला बंद झालं म्हणतात, मधली अठ्ठावीस वर्षं काहीच नव्हतं.

मला एक खटकतं. माझ्या आजूबाजूला उभी असलेली सगळी मंडळी माझ्या सासऱ्यांच्या वयाची. गोड असतात, मुलाला प्रोग्रॅम भरायला शिकवतात, थर्मासमधला चहा देतात. पण दोन शर्यतींच्या मध्ये काहीच घडत नाही. एक मिनिट शर्यत, चार-पाच मिनिटं ट्रॅक सारखा करणारा ट्रॅक्टर. माझा मुलगा म्हणतो, 'आई, ट्रॅक्टरच जास्त बघितला.' आणि बायकांचं टॉयलेट हा विषय काढू नका. क्लबवाले जागा आपली नाही म्हणून जमिनीला दोष देतात, ठीक आहे, पण टॉयलेटच्या दाराला कडी लावायला जमीन कशाला लागते?

---

मातीतला_माणूस | शनिवार, दुपारी १:३०

अनघाताई, मान्य. आमच्याकडेही तेच. पण कडीचं उत्तर ऐका. एक वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या इमारतीत कोण पैसे घालणार? प्रमोटर म्हणतो पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही देव जाणे. जागामालक म्हणतो मी कशाला लावू, मला हे पाडायचंच आहे. मधल्यामध्ये कडी तशीच लोंबते.

(तरी कडी मी स्वतः लावेन. लाज वाटली.)

---

तिसरी_घंटा | शनिवार, दुपारी ३:४५

वाचताना हसू येत होतं, कारण हा सगळा आमचाच धंदा आहे. मी पुण्यात नाटकाच्या निर्मितीत व्यवस्थापक म्हणून वीस वर्षं आहे.

बघा हं. थिएटर आपलं नसतं, तारखा दुसरा देतो. कलाकार नाइटवर. सेट, टेम्पो, जाहिरात, थिएटरचं भाडं हे सगळं बुकिंगच्या आधी ठरलेलं, फक्त बुकिंगच पावसावर. कलाकार चांगला निघाला की मालिकेत जातो आणि मग तारीख मागायला आपण त्याच्या शूटिंगच्या वेळापत्रकाभोवती प्रदक्षिणा घालतो. तुमच्याकडे मालिका कोण?

---

मातीतला_माणूस | शनिवार, दुपारी ४:००

@तिसरी_घंटा, क्या बात! आमची मालिका म्हणजे पोलंड.

---

ओडरकाठचा | शनिवार, संध्याकाळी ५:१५

पोलंडचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. मी व्रोत्सवाफमध्ये आयटीत. इथे बरीच मराठी मंडळी आहेत, आणि त्यातले निम्मे तरी एकदा स्टेडियमला जाऊन आलेत.

इथलं चित्र उलटं. स्पीडवे हा इथे कडेचा खेळ नाही, काही शहरांत फुटबॉलच्या वर आहे. व्रोत्सवाफचं ऑलिंपिक स्टेडियम २०१७ मध्ये नूतनीकरण होऊन उघडलं. टोरुनचं मोटोअरेना २००९ चं, खास स्पीडवेसाठी बांधलेलं, पंधरा हजारांच्या आसपास बसतात. यातली बरीचशी स्टेडियमं शहराच्या मालकीची. म्हणजे क्लबाच्या डोक्यावर बिल्डर नाही, महापौर आहे. महापौराला निवडून यायचं असतं. टीव्हीचे पैसे वेगळे, गावातल्या कंपन्यांचे वेगळे. चांगल्या रायडरला सीझनच्या आधी सही करण्याचेच पैसे मिळतात, गुणांचे निराळे. म्हणून तो शुक्रवार-रविवार इथे, मंगळवारी स्वीडनमध्ये, आणि जमलं तर सोमवार-गुरुवार तुमच्याकडे. तुम्ही उरलेल्या दिवसांवर जगता.

पण भुलू नका. इथेही क्लब बुडतात. गोर्झूफ हे वर्ल्ड चॅम्पियन झ्मार्झलिक जिथे घडला ते गाव. तिथला क्लब २०२४ च्या अखेरीस पैशात असा अडकला की लायसन्स मिळतं की नाही अशी वेळ आली. कारण? रायडरांवर एकमेकांपेक्षा जास्त बोली लावत राहणे. पैसा आला की तो सरळ गड्यांच्या खिशात जातो.

---

थेम्सकाठी | शनिवार, संध्याकाळी ५:४०

बघा, मी काय म्हणत होतो. जागा स्वतःची असो वा नसो, मिळकतीपेक्षा पगार जास्त वाटले की दिवाळं. मँचेस्टरचंच घ्या. तिथल्या बेल व्ह्यू क्लबाला गॉर्टनमध्ये २०१६ मध्ये नवंकोरं नॅशनल स्पीडवे स्टेडियम मिळालं, महापालिकेच्या पुढाकाराने, सहा हजारांच्या क्षमतेचं. पहिल्याच रात्री लोक आत येऊन बसले आणि ट्रॅक शर्यतीलायक नाही म्हणून कार्यक्रम रद्द. वर्षभरात क्लब दुसऱ्यांच्या हातात गेला. बिल्डरचा काय संबंध?

---

गुंठामंत्री | शनिवार, रात्री ९:२०

थेम्सकाठी, संबंध आहे, सांगतो. मी ठाण्यात रिअल इस्टेट सल्लागार, लंडनला पाच वर्षं काढली आहेत. खेळातलं कळत नाही. जमिनीतलं कळतं.

बेल व्ह्यूचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. क्लब चालवणारे बदलले, पण स्टेडियम उभं राहिलं म्हणून दुसरे चालवायला आले. क्लब आजही तिथेच आहे ना? २०२५ ची स्पीडवेची ब्रिटिश ग्रां प्री कार्डिफहून तिकडेच नेली. नाटक पडलं तरी थिएटर उभं असेल तर उद्या दुसरी संस्था पडदा उघडते.

आता दुसरी बाजू. पीटरबरोने २०२१ ला लीग जिंकली, २०२३ ला शेवटची शर्यत, कारण शोग्राउंडच्या जागेवर विकास करायचाय. स्विंडनने २०१९ ला लीग जिंकली आणि त्यानंतर तिथे शर्यतच झाली नाही. १९४९ पासूनचा ट्रॅक. जिंकून मेलेले क्लब आहेत हे. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम २०१६ नंतर बंद. मालकाला घरं बांधायची होती, रग्बी गावच्या कौन्सिलने २०२२ ला परवानगी नाकारली, अपीलही फेटाळलं गेलं. पण तोवर आत तोडफोड झाली, आगी लागल्या. खटला जिंकला आणि हातात आली राख.

वुल्व्हरहॅम्प्टनची गोष्ट तर धंदेवाइकांनी पाठ करावी. मॉनमोर ग्रीन स्टेडियम बेटिंग कंपनीकडे होतं, तिथे कुत्र्यांच्या शर्यतीही व्हायच्या. १९२८ ला तिथे पहिल्यांदा स्पीडवे झालं. पण कुत्र्यांच्या शर्यतीला प्रेक्षक लागत नाही! ती थेट बेटिंगच्या दुकानांतल्या पडद्यावर जाते, सकाळी अकराला रिकाम्या स्टँडसमोर पळवली तरी पैसे येतात. स्पीडवेला माणूस लागतो, गाडी लावायला जागा लागते, आवाजाची तक्रार येते. मालकाने गणित केलं, २०२३ नंतर स्पीडवे बंद. यात कोणी खलनायक नाही.

आपल्याकडे गिरण्यांचं काय झालं? सूत विकून जे मिळत होतं त्यापेक्षा जमीन विकून मिळायला लागलं, तेव्हा गिरणी 'आजारी' पडली. एक-पडदा थिएटरांचं तेच. तोटा हा दाखला असतो. मरणाचं कारण सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं.

---

आप्पा_खडकी | रविवार, सकाळी ६:०५

आमच्या मावळात बैलगाडा शर्यतीचा घाट गावाच्या जमिनीवर. तिकीट नाही. वर्गणी, यात्रा कमिटी, बक्षिसाला कोणी पुढारी मोटारसायकल देतो. कोर्टाची बंदी उठली आणि घाट होता तिथेच होता, लगेच दुसऱ्या यात्रेला बैल पळाले. घाट विकला असता तर? बंदी उठून उपयोग काय?

अवांतर: बैलाला पण ब्रेक नसतो.

---

चाकबंद | रविवार, सकाळी ६:५०

आप्पा __/\__

---

थेम्सकाठी | रविवार, सकाळी १०:३०

गुंठामंत्री, मुद्दा पटला, निम्मा. पण मग त्याच मुद्द्याने उत्तर द्या: करार एका वर्षाचा असताना मातीतल्या माणसाने ५,००० द्यावेत का?

---

गुंठामंत्री | रविवार, सकाळी १०:५५

देऊ नयेत. एक वर्षाचा करार म्हणजे मालक वाट बघतोय, एवढाच त्याचा अर्थ.

---

अनघा_लेस्टर | रविवार, सकाळी ११:२०

इतकं कोरडं नका हो. ऑक्सफर्ड विसरलात? काउलीचं स्टेडियम २००७ ला स्पीडवेला बंद झालं, तिथेही घरं होणार होती, आणि पंधरा वर्षांनी २०२२ ला परत गाड्या फिरल्या. लोकांनी जीव लावून धरलं म्हणूनच ना?

---

गुंठामंत्री | रविवार, सकाळी ११:३४

अनघाताई, जीव लावला हे खरं. पण आधी कौन्सिलने ती जागा संवर्धन क्षेत्रात घातली, म्हणून पाडता आली नाही. आधी कागद, मग जीव.

---

मातीतला_माणूस | रविवार, रात्री १०:१५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रागावलो नाही, थोडा गप्प झालो.

गेल्या महिन्यातला एक गुरुवार सांगतो, म्हणजे तोटा कसा दिसतो ते कळेल. सकाळी ऊन. दुपारी तीनला अँब्युलन्स, सिक्युरिटी, रेफरी सगळे पक्के. आता रद्द केलं तरी पैसे द्यावेच लागतात. पाचला भुरभुर सुरू. ट्रॅकवाला म्हातारा (बहात्तर वर्षांचा, चाळीस वर्षं हेच करतोय) ट्रॅक्टरला फळी जोडून गोल गोल फिरतोय, ओला मुरूम बाहेर ढकलतोय. पाहुणा संघ तीन तास व्हॅन चालवून आलेला. सहा वाजता चारशे लोक आत, प्रोग्रॅम विकले गेलेले. साडेसहाला रेफरी आणि दोन्ही कर्णधार छत्रीशिवाय चालत निघाले. दुसऱ्या वळणावर आमच्या कर्णधाराने टाच मातीत दाबली, उचलली. खड्ड्यात पाणी भरलं. तो काहीच बोलला नाही, नुसतं रेफरीकडे बघितलं.

भोंग्यावरून रद्द झाल्याची घोषणा झाली. लोकांनी हूं की चूं केलं नाही, रांगेत उभं राहून पुढच्या सामन्याचा पास घेतला. म्हणजे पुढच्या गुरुवारी हे चारशे फुकट. बर्गरवालीने बाहेर काढून ठेवलेलं मांस दाखवलं आणि म्हणाली, 'हे आता परत गोठवता येत नाही.' त्या रात्री मी अकरा बर्गर घरी आणले.

पावणेआठला आभाळ स्वच्छ. चांदणं.

असे दोन-तीन गुरुवार सीझनमध्ये येतातच, आणि घरचे सामने वीसच्या आतबाहेर. आकडा तुम्ही करा.

थेम्सकाठी, पगाराचंही तुमचं खरं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका गड्याला ऐपतीबाहेर घेतलं. संघ जिंकायला लागला, गेट वाढलं नाही. तेव्हा मी गप्प बसलो होतो, कारण मलाही तो गडी बघायचा होता.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १०:५०

मातीतले, एक धंद्यातली गोष्ट सांगते. आमच्या एका निर्मात्याला लोकांनी अशीच मदत केली होती. रोख दिली, ती गेल्या उधाऱ्यांत जिरली, संस्था बंद. त्याच वेळी एका प्रेक्षक-मित्राने पैसे न देता लाइट्स विकत घेतले, स्वतःच्या नावावर, आणि संस्थेला वापरायला दिले. संस्था गेली, लाइट्स राहिले. आज ते तीन संस्था वापरतात.

कंपनीच्या खात्यात पैसे टाकू नका. चाकं असलेली, उचलून दुसरीकडे नेता येईल अशी वस्तू घ्या. ती तुमच्या नावावर.

---

गुंठामंत्री | रविवार, रात्री ११:०२

+१. फक्त एकट्याच्या नावावर नको, समर्थकांची रीतसर संस्था असेल तर तिच्या नावावर. क्लब दिवाळखोरीत गेला तर लिक्विडेटर क्लबाच्या वस्तू उचलतो, तुमच्या नाही. पावती सांभाळा. क्लबाला वापरायला दिल्याचा एक साधा कागद करा, तारखेसकट.

---

थेम्सकाठी | रविवार, रात्री ११:१०

हे मला चालेल. माझ्याकडून हिरवा कंदील. (५,००० नाही हां. निम्मे.)

---

ओडरकाठचा | सोमवार, सकाळी ७:३०

इथून वापरलेली एअर फेन्स स्वस्तात मिळते का बघू? एका क्लबाच्या ऑफिसात ओळखीचा माणूस आहे. वचन देत नाही.

---

मातीतला_माणूस | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:४०

धागा वर काढतोय.

प्रमोटरशी बोललो. कर्ज देणार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, मग पुढचं ऐकून निवळला. वीसपैकी सात जण तयार झाले. समर्थक क्लब आधीपासून होता, चहाच्या स्टॉलपुरता. त्याच्या नावाने बँकेत खातं आहे. माझे २,५००, उरलेले बाकीच्यांनी मिळून घातले. मँचेस्टरच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून जुना ट्रॅक्टर आणि मागे लावायचा पाण्याचा टँकर घेतला, कारण क्लबाचा ट्रॅक्टर जागामालकाच्या मालकीचा निघाला! ट्रॅक्टरच्याही नावाने भाडं जात होतं, मीच मोजत होतो आणि 'यंत्रसामग्री' या ओळीखाली काय आहे ते आठ वर्षांत विचारलं नव्हतं. अकाउंटंट म्हणवतो स्वतःला.

भाडेकराराचं: मालकाने परत एकच वर्ष दिलंय. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आहोत.

कडी लावली. दोन्ही दारांना.

बायकोला ट्रॅक्टरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, 'निदान नांगरता तरी येईल.'

आता खरी अडचण. काल ट्रॅकवाल्या म्हाताऱ्याने चावी फिरवली. स्टार्टर फिरतो, इंजिन दोन ठोके देतं, पांढरा धूर आणि बंद. गुरुवारी सामना आहे. चाकबंद, आहात का?

---

चाकबंद | रविवार, सकाळी ६:१५

आहे की. किती दिवस उभा होता ट्रॅक्टर? शेतात उभा असेल तर टाकीत पाणी उतरलेलं असणार. आधी डिझेल फिल्टरच्या खालचा बोल्ट ढिला करून तळाचं बाटलीत घ्या, थोडा वेळ ठेवून बघा, खाली पाणी बसतंय का. मग लाइनमधली हवा काढा: हँड प्रायमर मारत राहायचं, फिल्टरवरच्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत. तरी नाही झाला तर पंपाला हात लावू नका, मला व्हिडिओ कॉल करा. तुमची सकाळ म्हणजे आमची दुपार, गॅरेजमध्येच असतो.

आणि म्हाताऱ्याला जवळ उभं करा. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस आहे, नुसत्या आवाजावरून त्याला कळेल.